पावसाचे शून्य कुठे गेले? फ्लोटचे पाच वर्ग आणि सेन्सरचा डेटा

प्रश्न थोडक्यात असा आहे. सांगली जिल्ह्यातल्या पलूस भागातल्या एका द्राक्षबागेत ईएसपी-३२ हा छोटा संगणक-बोर्ड बसवला आहे. त्याला हवेचे तापमान आणि आर्द्रता मोजणारा डीएचटी-२२, मातीचे तापमान मोजणारा डीएस१८बी२० आणि बकेटवाला पर्जन्यमापक जोडला आहे. दर दहा मिनिटांनी रीडिंग सर्व्हरवर जाते आणि तिथला पायथनचा प्रोग्राम दिवसाची सरासरी काढतो. सरासरीच्या जागी मधूनच ‘नॅन’ (‘ही संख्याच नाही’ अशी खूण) छापून येऊ लागले, म्हणून प्रश्नकर्त्याने बोर्डावरच्या कोडमध्ये ‘तापमान == नॅन’ अशी तपासणी घातली. काही फरक पडला नाही. मग सरसकट सगळ्या रीडिंगवर ‘इझ-नॉर्मल’ (संख्या ‘नॉर्मल’ वर्गातली आहे का ते सांगणारे फंक्शन) लावले. नॅन थांबले, पण दोन महिन्यांनी लक्षात आले की दर रीडिंगमागची पावसाची सरासरी भलतीच फुगली आहे. आता विचारणा अशी की कोणती तपासणी कुठे लावायची, संख्येचा वर्ग सांगणाऱ्या ‘एफपी-क्लासिफाय’ या फंक्शनने हे सगळे एका फटक्यात सुटेल का, आणि वाया गेलेला दोन महिन्यांचा डेटा दुरुस्त होईल का.

पहिले काम म्हणजे इझ-नॉर्मल काढून टाका आणि त्या जागी इझ-फायनाइट लावा; ते फक्त नॅन आणि इन्फिनिटी (अनंत) अडवते. शून्य हा इझ-नॉर्मलच्या लेखी नॉर्मल नाही. कोरड्या दहा मिनिटांत पर्जन्यमापक ० मिलिमीटर सांगतो, आणि तुमचा कोड ते रीडिंग फेकून देतो. उरतात फक्त पाऊस पडला तेव्हाची रीडिंग, मग सरासरी फुगणारच. तापमान आणि आर्द्रता पलूसमध्ये बरोबर शून्यावर येत नाहीत, त्यामुळे ते दोन रकाने ठीकठाक दिसत राहिले आणि संशय यायला दोन महिने लागले.

हे असे का, ते बिट पाहिल्याशिवाय नीट कळत नाही. फार खोल जायची गरज नाही, ३२ बिटांचा साधा फ्लोट (दशांश संख्या साठवायचा प्रकार) घेऊ. त्यात १ बिट चिन्हाचा, ८ बिट घातांकाचे आणि २३ बिट अपूर्णांकाचे असतात. घातांकाचे आठ बिट ० ते २५५ पर्यंतचा आकडा धरतात. त्यातले १ ते २५४ हे नेहमीच्या संख्यांसाठी आहेत. या संख्यांत अपूर्णांकाच्या आधी एक १ गृहीत धरलेला असतो, तो साठवत नाहीत. अशा संख्येला नॉर्मल म्हणतात. शून्य या साच्यात बसूच शकत नाही, कारण त्याला आधीचा १ नसतो. म्हणून दोन टोके राखून ठेवली आहेत. घातांक ० आणि अपूर्णांकही ० असेल तर ती संख्या शून्य. घातांक ० पण अपूर्णांकात काहीतरी असेल तर सबनॉर्मल. घातांक २५५ आणि अपूर्णांक ० म्हणजे इन्फिनिटी. घातांक २५५ आणि अपूर्णांकात शून्य सोडून काहीही असेल तर नॅन.

झाले पाच वर्ग. सी भाषेतले एफपी-क्लासिफाय १९९९ च्या प्रमाणकापासून हेच पाच सांगते. रस्ट भाषेतल्या ‘क्लासिफाय’चेही हेच पाच, आणि तिथे वर्गानुसार वाटा फोडणारे ‘मॅच’ लिहिताना एखादा वर्ग राहिला तर कंपायलर प्रोग्राम पुढे जाऊ देत नाही. ६४ बिटांच्या फ्लोटमध्ये, म्हणजे डबलमध्ये, घातांक ११ बिटांचा आणि अपूर्णांक ५२ बिटांचा, बाकी नियम तोच.

३२ बिटांच्या एकूण मांडण्या ४२९ कोटींच्या वर आहेत. त्यातल्या ४२६ कोटी १४ लाख १२ हजार ८६४ नॉर्मल आहेत. सबनॉर्मल आणि नॅन प्रत्येकी १ कोटी ६७ लाख ७७ हजार २१४. शून्ये दोन, इन्फिनिटी दोन, धन आणि ऋण. म्हणजे मोजदादीत शून्याचा वर्ग इन्फिनिटीच्या बरोबरीने सगळ्यात लहान पडतो, पण पावसाळा सोडला तर तुमच्या पर्जन्यमापकाची जवळजवळ सगळी रीडिंग त्याच वर्गात पडतात.

आता ‘तापमान == नॅन’ का चालले नाही? कारण नॅन कोणाच्याही बरोबर नसतो, स्वतःच्यासुद्धा. हा कुठल्या भाषेचा दोष नाही, आयईईई ७५४ या फ्लोटच्या हिशोबांसाठीच्या १९८५ च्या प्रमाणकातच तसे ठरवले आहे. त्यामागचे मुख्य डोके विल्यम काहान यांचे. त्यांना १९८९ चा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. या नियमाचा एक फायदा असा की खास फंक्शन नसलेल्या भाषेतही ‘क्ष != क्ष’ लिहिले की नॅन ओळखता येतो. जुन्या कोडमध्ये अशी ओळ दिसली तर ती कुणाची चूक समजून पुसू नका. नव्या कोडमध्ये मात्र सरळ इझ-नॅन लिहा, वाचणाऱ्याला अर्थ लगेच कळतो.

खरी पंचाईत मोठा-लहान तपासताना होते. नॅनशी केलेली ‘<’, ‘>’, ‘<=’, ‘>=’ ही प्रत्येक तुलना खोटी ठरते. आपल्याकडचेच उदाहरण घ्या. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट. २०१९ च्या महापुरात पाणी ५७ फुटांच्या वर गेले होते, त्यामुळे हे आकडे इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहेत. समजा कुणी हौसेने पातळी दाखवणारा प्रोग्राम लिहिला: पातळी ४५ किंवा जास्त असेल तर ‘धोका’, नाहीतर ४० किंवा जास्त असेल तर ‘इशारा’, नाहीतर ‘सुरक्षित’. सेन्सर वाहून गेला आणि रीडिंग नॅन आले की दोन्ही तुलना खोट्या ठरतात आणि पडद्यावर येते ‘सुरक्षित’. तीच शिडी उलटी लिहिली, म्हणजे ४० पेक्षा कमी तर ‘सुरक्षित’, ४५ पेक्षा कमी तर ‘इशारा’, नाहीतर ‘धोका’, की तोच नॅन ‘धोका’वर जाऊन पडतो. दोन्ही कोड एरवी तंतोतंत सारखे चालतात. म्हणून मी शिडीच्या अगदी वरच्या पायरीवर इझ-फायनाइटची तपासणी ठेवतो आणि ‘रीडिंग नाही’ असा चौथा निकाल देतो. तेवढेही जमत नसेल तर शेवटच्या ‘नाहीतर’मध्ये सगळ्यात वाईट निकाल ठेवा.

बागेतल्या फवारणीच्या अलार्मलाही हेच लागू. ‘आर्द्रता ९० च्या वर गेली तर डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाचा इशारा दे’ हे वाक्य नॅन आल्यावर गप्प बसते, आणि सेन्सर बंद पडतो तो बहुतेक वेळा पावसाळी हवेतच.

तुमचा नॅन आला कुठून, हे पाहणेही गरजेचे आहे. डीएचटी-२२ साठी सगळे जी लायब्ररी वापरतात ती वाचन फसले की मुद्दाम नॅन परत करते. हे चांगलेच आहे, ती प्रामाणिकपणे ‘मिळाले नाही’ म्हणते. पण नॅन हिशोबातही तयार होतो. दिवसभर बॅटरी उतरलेली होती, रीडिंग एकही नाही, बेरीज ०.० आणि त्याला भागिले ०.० केले की नॅन. शून्य सोडून दुसऱ्या संख्येला फ्लोटच्या शून्याने भागले की इन्फिनिटी. बकेटच्या दोन टिपांमधला (टिप म्हणजे बकेट भरून एकदा कलंडणे) वेळ मिलिसेकंदात मोजून पावसाचा वेग काढत असाल आणि स्विच थरथरल्यामुळे दोन टिपा एकाच मिलिसेकंदात नोंदल्या गेल्या, तर वेग इन्फिनिटी येतो. हे बोर्डावरच्या सी प्लस प्लसचे झाले. पायथन स्वतः मात्र फ्लोटच्या शून्याने भागू देत नाही, एरर देतो. पायथनची नमपाय ही गणिती लायब्ररी वापरलीत की तोच भागाकार इशारा छापून पुढे जातो. एकच सूत्र बोर्डावर, पायथनमध्ये आणि नमपायमध्ये तीन तऱ्हांनी वागते, हे ध्यानात असू द्या.

दवबिंदूचे सूत्र या बाबतीत फार बोलके आहे. नेहमीचे मॅग्नसचे सूत्र घ्या: गॅमा = लॉग(आर्द्रता ÷ १००) + (बी × तापमान) ÷ (सी + तापमान), आणि दवबिंदू = (सी × गॅमा) ÷ (बी − गॅमा). बी १७.६२ आणि सी २४३.१२. आता सेन्सरने बिघडून आर्द्रता ० दिली. शून्य ही फायनाइट संख्या आहे, तपासणीतून आरामात पार होते. शून्याचा लॉग ऋण इन्फिनिटी. त्यामुळे गॅमा ऋण इन्फिनिटी, वरचा गुणाकार ऋण इन्फिनिटी, खालची वजाबाकी धन इन्फिनिटी, आणि इन्फिनिटीला इन्फिनिटीने भागले की नॅन. आत गेले शून्य, बाहेर आला नॅन, मधल्या इन्फिनिटीचा मागमूस नाही. असा नॅन डेटाबेसमध्ये सापडला की लोक डीएचटीच्या वायरी बदलत बसतात. अशा वेळी सूत्राच्या प्रत्येक टप्प्यावरची किंमत एफपी-क्लासिफायमधून काढून लॉगमध्ये छापा. कुठल्या ओळीवर वर्ग शून्याचा इन्फिनिटी झाला आणि कुठे इन्फिनिटीचा नॅन, ते लगेच दिसते. माझ्या कामात एफपी-क्लासिफाय वापरले जाते ते बहुतेक अशाच शोधाशोधीत.

जाता जाता एक. लॅपटॉपवर हाच कोड चालवलात तर कधी कधी ‘-नॅन’ असे छापून येईल. इंटेलच्या पद्धतीच्या प्रोसेसरवर हिशोबातून तयार होणाऱ्या नॅनचा चिन्हाचा बिट १ असतो, म्हणून ते उणे दिसते. त्या उण्याला काही अर्थ नाही.

सबनॉर्मलबद्दल प्रश्नात काही नाही, तरी सांगतो, कारण इझ-नॉर्मल त्यांनाही फेकते आणि पावसाच्या डेटात त्या चोरपावलाने येतात. ३२ बिटांत सगळ्यात लहान नॉर्मल संख्या साधारण १.१८ × १० चा उणे ३८ वा घात. त्याखाली थेट शून्यावर उडी मारण्याऐवजी संख्या हळूहळू अचूकता गमावत १.४ × १० चा उणे ४५ वा घात इथपर्यंत उतरतात. या उतरत्या पायऱ्या म्हणजे सबनॉर्मल. प्रमाणक ठरत असताना यावरून बरीच भांडणे झाली, डीईसी या संगणक कंपनीचा याला विरोध होता. त्या ठेवल्यामुळे एक हमी मिळते: दोन संख्या वेगळ्या असतील तर त्यांची वजाबाकी कधीच शून्य येत नाही.

बागेत त्या कशा भेटतात ते पाहा. बरेच जण ओलाव्याचा निर्देशांक ठेवतात: पाऊस नसेल तर दर दहा मिनिटांनी आधीचा आकडा गुणिले ०.९. सुरुवात १ पासून धरली तर ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये सुमारे ८३० पायऱ्यांत, म्हणजे पावणेसहा दिवसांच्या कोरड्या हवेत हा आकडा सबनॉर्मल होतो. सर्व्हरवर पायथनच्या ६४ बिटांत सुमारे ६,७०० पायऱ्या, म्हणजे ४७ दिवसांच्या आसपास. डिसेंबर ते मार्च पाऊस नाही म्हटल्यावर तुमचा सर्व्हर तिथे पोचणारच. आणि गंमत पुढे आहे. तो आकडा शून्य कधीच होत नाही. ३२ बिटांत तो सगळ्यात लहान सबनॉर्मलच्या चौपटीवर अडकतो, कारण ४ × ०.९ = ३.६ हे जवळच्या पूर्ण पायरीला नेले की पुन्हा ४. पायथनमध्ये तो पाचपटीवर अडकतो. ६४ बिटांतले ०.९ हे खऱ्या ०.९ पेक्षा केसभर जास्त असते, त्यामुळे ५ × ०.९ हे साडेचारच्या किंचित वर जाते आणि पुन्हा ५ होते. पडद्यावर २.५ × १० चा उणे ३२३ वा घात असा आकडा महिनोन्‌महिने दिसत राहतो. ‘निर्देशांक == ० असेल तर बाग कोरडी’ ही अट कधी खरी होतच नाही. इथे वर्ग तपासून उपयोग नाही, आकडा ०.००१ च्या खाली गेला की स्वतःच शून्य करून टाका. काही प्रोसेसरवर सबनॉर्मलचे हिशोब बरेच हळू चालतात, पण तुमच्या कामात ते जाणवणार नाही.

सगळ्यात लहान आकड्याच्या नावावरही भरवसा ठेवू नका. सीमधला ‘डीबीएल-मिन’ म्हणजे सगळ्यात लहान नॉर्मल. जावामधला ‘डबल-मिन-व्हॅल्यू’ म्हणजे सगळ्यात लहान सबनॉर्मल. सी शार्पमधला ‘डबल-मिन-व्हॅल्यू’ म्हणजे शून्यापासून सगळ्यात दूरची ऋण संख्या! एका भाषेतला कोड दुसऱ्या भाषेत उतरवताना ‘आतापर्यंतचे कमाल तापमान’ याची सुरुवातीची किंमत म्हणून यापैकी काही वापरले असेल, तर ते पहिल्यांदा तपासा.

आता कंपायलर. ‘फास्ट-मॅथ’ हा पर्याय चालू असेल तर जीसीसी आणि क्लँग हे कंपायलर असे धरून चालतात की नॅन आणि इन्फिनिटी येणारच नाहीत. मग इझ-नॅन कधीच खरे होणार नाही असे समजून ती तपासणी कंपायलर गुपचूप काढून टाकू शकतो. कोडमध्ये ओळ आहे आणि चालत मात्र नाही, अशी अवस्था होते. आधी तो पर्याय बंद करा. बंद करणे हातात नसेल तर फ्लोटचे ३२ बिट ‘मेम-कॉपी’ने (बिट जसेच्या तसे उतरवणारे फंक्शन) पूर्णांकात घ्या, चिन्हाचा बिट झाका, आणि उरलेला पूर्णांक इन्फिनिटीच्या बिटांशी ताडून पाहा. बरोबर असेल तर इन्फिनिटी, मोठा असेल तर नॅन, लहान असेल तर फायनाइट. पूर्णांकांच्या तुलनेला फास्ट-मॅथ हात लावत नाही.

सर्व्हरच्या बाजूला काय होते तेही पाहून घ्या. पायथनचे जेसन (डेटा पाठवायचा मजकुराचा साचा) लिहिणारे फंक्शन, तुम्ही काही सांगितले नाही तर, नॅन जसाच्या तसा लिहून मोकळे होते. जेसनच्या नियमात नॅन बसत नाही, त्यामुळे ब्राउझरमधली जावास्क्रिप्ट ते वाचताना एरर देते आणि अख्खा आलेख कोरा राहतो. जावास्क्रिप्ट स्वतः लिहिताना नॅनच्या जागी ‘नल’ (रिकामी किंमत) लिहिते. त्याच जावास्क्रिप्टमध्ये नुसते इझ-नॅन वापरू नका, ते आधी मजकुराची संख्या करायला जाते आणि ‘पलूस’ हा शब्दही नॅन ठरवते. ‘नंबर’वरचे इझ-नॅन वापरा. पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये नॅन इतर सगळ्या संख्यांपेक्षा मोठा मानतात, त्यामुळे महिन्याचे कमाल तापमान विचारले की नॅन मिळतो आणि किमान मात्र बरोबर येते. पायथनच्या पांडाज या लायब्ररीची सरासरी नॅन गाळून काढली जाते, नमपायची तशी नाही. पायथनच्या साध्या ‘मॅक्स’ला यादीत नॅन पहिला असेल तर उत्तर नॅन, नंतर कुठे असेल तर तो बहुधा दिसतच नाही. एवढ्या तऱ्हा लक्षात ठेवण्यापेक्षा नॅन डेटाबेसच्या दारातच अडवा. किमतीच्या रकान्यात ‘नल’ ठेवा आणि शेजारी कारणाचा रकाना करा: वाचन फसले, बॅटरी गेली, हिशोबात बिघडले, मर्यादेबाहेर.

हे शेवटचे कारण महत्त्वाचे, कारण एफपी-क्लासिफायने सगळे सुटेल का या प्रश्नाचे उत्तर त्यात आहे. नाही सुटणार. डीएस१८बी२० ची वायर सुटली की त्याची नेहमीची लायब्ररी −१२७ देते. वीज आल्या आल्या, मापन पूर्ण व्हायच्या आत वाचले तर तोच सेन्सर ८५ देतो. दोन्ही आकडे नॉर्मल, दोन्ही फायनाइट, आणि दोन्ही निव्वळ खोटे. पलूसची माती एप्रिलमध्ये कितीही तापली तरी ८५ अंशांवर जात नाही. बिट पाहून फक्त संख्येची ठेवण कळते. सेन्सरने खरे सांगितले का, हे ठरवायला तुम्हालाच प्रत्येक सेन्सरची मर्यादा द्यावी लागेल. म्हणून क्रम असा ठेवा: आधी इझ-फायनाइट, मग त्या सेन्सरची आणि त्या जागेची मर्यादा, मग सूत्रे, आणि सूत्रातून बाहेर आलेल्या किमतीवर पुन्हा इझ-फायनाइट. आर्द्रतेची खालची मर्यादा शून्याच्या वर, समजा ५ टक्के ठेवलीत तर दवबिंदूचा वरचा घोळ उगमाशीच थांबतो. पावसाची खालची मर्यादा मात्र ० च, आणि तुलना ‘>=’ने करा. तिथे ‘>’ लिहिलेत तर इझ-नॉर्मल काढूनही शून्ये पुन्हा गळतील.

पाचही वर्ग वेगवेगळे हाताळायची खरी गरज संख्या छापणारे, वाचणारे किंवा गणिती फंक्शनांची लायब्ररी लिहिणाऱ्यांना असते. २००८ च्या सुधारित प्रमाणकात तर दहा वर्ग आहेत: धन-ऋण वेगळे आणि नॅनचेही दोन प्रकार. स्विफ्ट भाषा आणि रिस्क-फाइव्ह प्रोसेसरची वर्ग सांगणारी सूचना ते दहाही दाखवतात. तुम्हाला ऋण शून्याचा त्रास झालाच तर एवढाच होईल की −०.०४ ला एका दशांश स्थळावर आणले की पडद्यावर −०.० दिसेल. आधी आकडा एका दशांश स्थळावर राउंड करा, मग त्यात ०.० मिळवून छापा, उणे जाते.

राहिला दोन महिन्यांचा डेटा. तो बराचसा वाचेल. पर्जन्यमापकाचे रीडिंग म्हणजे टिपांची पूर्णांक संख्या गुणिले एका टिपेचे मिलिमीटर. या गुणाकारातून नॅन किंवा इन्फिनिटी येऊच शकत नाही, सबनॉर्मलही नाही. म्हणजे इझ-नॉर्मलने पावसाच्या रकान्यातून जे फेकले ते शून्यच होते. ज्या वेळेला हवेचे किंवा मातीचे तापमान नोंदले गेले आहे पण पाऊस नाही, तिथे बोर्ड चालू होता हे नक्की, तिथे ० भरा. ज्या वेळेला कुठलाच रकाना भरलेला नाही, तिथे बोर्ड किंवा नेटवर्क बंद असणार. तिथे ‘नल’च राहू द्या. भरलेल्या शून्यांच्या कारणाच्या रकान्यात ‘मागाहून भरले’ अशी नोंद करा. दिवसाला १४४ रीडिंग यायला हवीत, तेव्हा प्रत्येक दिवशी भरलेली, मूळची आणि ‘नल’ मिळून १४४ होतात का ते मोजा. सरासरीऐवजी दिवसाची बेरीज वापरणारे जे अहवाल असतील ते आधीपासूनच बरोबर आहेत, त्यांना हात लावू नका. शून्ये गळाली तरी बेरीज बदलत नाही.